ब्रेकचा दिवा आणि ऑइलची बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या देखभालीवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागत असेल तर ब्रेक ऑइल वरपर्यंत भरावे’ असा सल्ला आहे. ऑइल भरले की दिवा जातो, हे खरेच. पण दिवा का लागला होता, हे कळायची सोय त्याबरोबरच जाते.

इथे ब्रिटनमध्ये हौसेची जुनी टू-सीटर म्हणून माझदा एमएक्स-५च्या पहिल्या दोन पिढ्या (१९८९ ते २००५) अजून सहज मिळतात, म्हणून उदाहरण तिचेच घेतो. तिच्या लाल दिव्याला दोन स्विच जोडलेले असतात. एक हॅण्डब्रेकच्या दांड्याखाली, दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीतला फ्लोट. दोघांपैकी कोणीही वायरीला अर्थ दिला, म्हणजे ती गाडीच्या बॉडीशी जोडली, की दिवा पेटतो. तेव्हा पहिला प्रश्न एवढाच, की दिवा नेमका कधी लागतो?

खड्ड्यावर किंवा स्पीडब्रेकरवर लुकलुकत असेल तर संशय हॅण्डब्रेकवर घ्यावा. गाडी चालू असताना शेजारच्याने दांडा बोटाने खाली दाबून धरावा. दिवा विझला तर दांडा पूर्ण बसत नाही किंवा स्विचची पट्टी वाकली आहे. कन्सोल काढून पट्टी सरळ करावी, काम संपले.

वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर लागत असेल तर डबीतली पातळी खालच्या रेषेपाशी आलेली असते. ऑइल एका बाजूला सरकते, फ्लोट टेकतो, दिवा चमकून जातो. आता ऑइल कमी का झाले? बहुतेक वेळा पॅड झिजल्यामुळे. पॅड झिजतो तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येतो आणि मागची जागा भरायला डबीतले ऑइल उतरते. म्हणून बाटली उघडण्याआधी चाके काढून पॅड बघावेत. चाकाच्या आऱ्यांतून डोकावून भागत नाही, कारण दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या की बहुधा आतलाच आधी संपतो. मागची लोखंडी पट्टी सोडून ३ मिमीपेक्षा कमी जाडी उरली असेल तर त्या ॲक्सलचे चारही पॅड बदलावेत. ऑइल वरपर्यंत भरून ठेवले असेल तर याच वेळी पिस्टन मागे सारताना डबी ओसंडते, आणि ब्रेक ऑइल रंग सोलून काढते.

एमएक्स-५च्या मागच्या कॅलिपरबाबत एक सूचना. तो पिस्टन क्लॅम्पने दाबायचा नाही, आतली हॅण्डब्रेकची यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या पाठीमागचा १४ मिमीचा बोल्ट काढला की आत ४ मिमी ॲलन कीचा ॲडजस्टर असतो. तो उलटा फिरवून पिस्टन मागे घ्यावा, नवे पॅड बसवून चाक अडेपर्यंत सुलटा फिरवावा आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा सैल करावा.

पॅड जाडजूड आहेत आणि ऑइल तरी कमी, तर गळती आहेच. पाइपांचे सांधे, रबरी होज, कॅलिपरचे सील बघावेत. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने लोखंडी पाइप क्लिपांखाली गंजतात. कोकण-गोव्यातल्या खाऱ्या हवेतही तिथेच आधी बघावे. कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचे, मागचे सील गेलेले असू शकते. ते ऑइल मागच्या बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) आत जाते, जमिनीवर थेंब पडत नाही. सिलिंडरचे नट काढून तो जरा पुढे ओढला की मागची ओल बोटाला लागते. बीएमडब्ल्यू झेड-३ मध्ये क्लचही ब्रेकच्याच डबीतून ऑइल घेतो, त्यामुळे तिथे गळका क्लच ब्रेकचा दिवा लावतो. माझदात क्लचची डबी वेगळी आहे.

पातळी व्यवस्थित, पॅड चांगले आणि दिवा तरीही येतो-जातो? डबीचा कनेक्टर काढावा. दिवा गेला तर जुना फ्लोट ऑइल पिऊन जड झालाय किंवा कनेक्टरात ओल आहे. नाही गेला तर वायर मध्येच कुठेतरी बॉडीला घासते आहे.

पिवळा एबीएसचा (ब्रेक मारताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा हे निराळे प्रकरण, आणि खिसा कापला जातो तो इथेच. मधूनच येणाऱ्या दिव्यासाठी थेट एबीएस युनिट बदलायला सांगितले तर आधी चाकांचा वेग मोजणारे सेन्सर तपासलेत का, असे विचारावे. स्वस्तातला स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो, एबीएसचे बहुधा नाही. पहिल्या पिढीच्या माझदात बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेली डबी असते. तिच्यातली टीबीएस आणि जीएनडी ही टोके वायरीच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली की एबीएसचा दिवाच उघडझाप करून कोड सांगतो.

स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर दिवा येत असेल तर पुढच्या सेन्सरची वायर आवरणाच्या आत तुटली आहे. मल्टिमीटर ओहमवर लावून वायर हलवत राहावे, आकडा उड्या मारतो ती जागा. चांगल्या सेन्सरचा आकडा साधारण एक-दोन किलोओहम असतो, पण डाव्या-उजव्यातला फरक जास्त बोलका. गाडी थांबता थांबता पेडल थरथरत असेल तर सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो त्या दातेरी रिंगला तडा किंवा सेन्सरखाली गंज. गंजाने सेन्सर उचलला जातो आणि हळू वेगात सिग्नल तुटतो. इंजिन चालू करतानाच दिवा येत असेल तर बॅटरी बघावी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. एमएक्स-५ची बॅटरी डिकीत असते, म्हणून तिच्या अर्थच्या जोडाकडे कोणाचे लक्षच जात नाही.

ऑइल भरायचेच तर डॉट ४ दर्जाचे, तेही सीलबंद बाटलीतले. ते हवेतला ओलावा ओढते. कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावलेल्याचा किमान १५५. दर दोन वर्षांनी ते सगळे बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नये, नावातल्या साम्याने फसू नये.

लाल दिव्याबरोबर पेडल खोल जात असेल तर यातले काही करत बसू नये, गाडी उभी करून टो करून न्यावी. लाल-पिवळे दोन्ही एकदम लागले तर ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारताना मागची चाके आधी लॉक होऊ शकतात. आणि बल्ब काढून टाकणाऱ्या गॅरेजांबद्दल : इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत एबीएसचा दिवा जळत राहिला तर गाडी नापास होतेच, चावी फिरवल्यावर लागलाच नाही तरीही होते.

– एक वाहन तंत्रज्ञ, बर्मिंगहॅम