नवोदयचा खर्च योग्य, पण चाळणी सदोष

संपादक महोदय,

हुशार मुलांच्या वेगळ्या शाळांवर सरकारने जादा खर्च का करावा, तोच पैसा जिल्हा परिषदेच्या सर्व शाळांना वाटून द्यावा, असे मत अनेकदा मांडले जाते. मला ते पटत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या जवाहर नवोदय विद्यालयांनी शेतमजुरांच्या मुलांनाही सहावीपासून बारावीपर्यंत राहण्या-जेवणासह शिकवले आहे, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातले पिंपळे जगताप (ता. शिरूर) येथील विद्यालयही त्याच हेतूने चालते. या खर्चात काटछाट होऊ नये. माझी तक्रार निवडीबद्दल आहे.

पाचवीतल्या मुलांची ८० प्रश्नांची, दोन तासांची परीक्षा होते. त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे, म्हणजे आकृत्यांचे असतात आणि ते पाठ्यपुस्तकात नसतात. पैसे भरून क्लासला जाणारे मूल अशा आकृत्या वर्षभर घोटते. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या मुलापुढे मात्र गोल रंगवायची उत्तरपत्रिकाच नवी असते. तोंडी हिशोब बिनचूक करणारी मुलगी सराव परीक्षेत एक प्रश्न सोडून पुढे जाते आणि त्यानंतरची सगळी उत्तरे एकेक ओळ वर रंगवत जाते, हे मी शिक्षिका म्हणून पाहिले आहे. तिची सगळी उत्तरे बरोबर होती, गुण मात्र मिळाले नाहीत.

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात आणि त्यासाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागते. पण एकट्या मुळशी तालुक्याचा विचार केला, तरी आयटी पार्कला खेटलेल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत खासगी शाळेत शिकणारे मूल आणि ताम्हिणीकडच्या वाडीतले, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारे मूल कागदोपत्री सारखेच ग्रामीण ठरते. तमिळनाडूने २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. नवोदयच्या ग्रामीण जागांमध्येही स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी असा स्वतंत्र हिस्सा ठेवायला काय हरकत आहे? ज्या मुलासाठी सार्वजनिक पैसा काढून ठेवला, त्याच्यापर्यंत तो पोहोचावा, एवढीच ही मागणी आहे.

हा बदल केंद्र सरकारच्या हाती आहे. तोवर पुणे जिल्हा परिषदेने निदान पाचवीच्या प्रत्येक वर्गाला सरावासाठी उत्तरपत्रिका छापून द्याव्यात, दुर्गम भागातल्या शाळांच्या केंद्रांत शनिवारी तयारीचा वर्ग चालवावा आणि तो घेणाऱ्या शिक्षकाला परीक्षा होईपर्यंत मतदारयाद्यांच्या कामाला जुंपू नये. यासाठी लागणारा पैसा फार मोठा नाही, आणि तो येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद म्हणून दिसला पाहिजे.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पुणे