ऑक्टोबरच्या शिंकांचाही अंदाज द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रोज कमाल-किमान तापमानाची चौकट असते. उन्हाळ्यात तर नागपूरचा पारा हीच मोठी बातमी असते. त्या चौकटीत आणखी एक ओळ हवी, आज हवेत परागकण किती याची. तेवढ्यासाठी हे पत्र.

आमचं घर नंदनवनात, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर. पाऊस ओसरला, घट बसायचे दिवस आले की आमच्याकडे शिंका सुरू होतात. आधी माझ्या, मग सात वर्षांच्या नातवाच्या. सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका, चोळून चोळून लाल झालेले डोळे आणि रात्री छातीत घुरघुर. पहिली दोन वर्षं आम्ही सर्दी समजून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरलो, पोराला अँटिबायोटिक पाजत राहिलो. तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी विचारलं, "हे दरवर्षी याच दिवसांत होतं का हो?" घरी येऊन मी जुनी कॅलेंडरं काढली. दुधाच्या हिशेबाशेजारी त्याच्या शाळेचे खाडे लिहिलेले होते. तिन्ही वर्षं ते सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन दिवाळीच्या आसपास थांबत होते. म्हणजे ही सर्दी नव्हे, हवेतल्या परागाची अ‍ॅलर्जी असावी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तेव्हा हात स्वस्थ बसेनात. काचपट्टीला व्हॅसलिनचा पातळ थर लावून ती गच्चीच्या कठड्यावर चोवीस तास ठेवली, दुसऱ्या दिवशी सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लालसर रंगलेले, अंगभर काटे असलेले चिमुकले चेंडू पट्टीभर विखुरलेले. मग नदीकाठच्या गाजरगवताचं पांढरं फूल आणून त्याचा पराग शेजारच्या पट्टीवर झटकला, तर हुबेहूब तेच. त्यांच्यात अधूनमधून गुळगुळीत, एकच छिद्र असलेले मोठे कणही होते. ते साध्या गवताचे.

लोक या दिवसांत सप्तपर्णीला दोष देतात. तिचा वास काहींना सोसत नाही हे खरं, पण तिचा पराग मुख्यतः कीटकांच्या अंगावरून जातो. नाकाला खरा त्रास वाऱ्यावर उडणाऱ्या परागाचा, आणि तो सहसा ज्याच्या फुलाकडे कुणी बघतही नाही अशा झाडोऱ्याचा असतो. 1950च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेस आलेलं गाजरगवत आज नाग, पिवळी आणि पोरा या आपल्या तिन्ही नद्यांच्या काठावर कमरेएवढं वाढतं. नदीतून काढलेला गाळ काठावर पडून राहतो, पहिल्या सरीला त्यात बी रुजतं आणि महिनाभरात फुलं येतात. एका झाडाला हजारो बिया, त्या पाण्याबरोबर पुढच्या वस्तीत. 23 सप्टेंबर 2023च्या पुरानं आमच्या भागात जो चिखल आणून टाकला, त्यावर पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांत आधी हेच उगवलं. त्याची कापणी ऐन फुलोऱ्यात होते तेव्हा तर पराग अधिकच उधळतो, आणि उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या सफाई कामगारांच्या हातांवर, मानेवर पुरळ उठतं. ते मी जवळून पाहिलं आहे. त्यांना हातमोजे मिळालेच पाहिजेत आणि हे काम फूल यायच्या आधी, ऑगस्टमध्येच उरकलं पाहिजे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा गाजरगवत जागृती सप्ताह 16 ते 22 ऑगस्टला असतो, तो उगाच नाही.

कुणी म्हणेल, शहरात हवेच्या गुणवत्तेचे आकडे मिळतात की. मिळतात, आणि मी ते रोज पाहते. पण 2015पासून देशात लागू असलेल्या त्या निर्देशांकात धूलिकण, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड असे आठ प्रदूषक आहेत, पराग नाही. शिवाय त्यातली धूळ 10 मायक्रॉनपर्यंतची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गवताचा पराग त्याहून दुप्पट-तिप्पट मोठा, तो त्या मोजणीत येतच नाही. आकडा 'समाधानकारक' असतो आणि त्याच सकाळी माझा नातू श्वासासाठी औषधाचा पंप घेत असतो.

पराग मोजायचं यंत्र वेगळं असतं. ते मिनिटाला 10 लिटर हवा ओढतं. आत चिकट पट्टी गुंडाळलेला ड्रम ताशी 2 मिलिमीटर सरकतो, सात दिवसांत एक फेरा. पट्टीचा रोजचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली मोजला की एका घनमीटर हवेत कुठला पराग किती, आणि कोणत्या तासाला, ते कळतं. काही वर्षांच्या नोंदी साठल्या की शहराचं पराग-कॅलेंडर तयार होतं. त्याला हवामानाची जोड दिली की अंदाज. सर आली की हवा धुऊन निघते, उघडीप पडून ऊन-वारा सुटला की पराग चढतो. चंदीगडचं असं कॅलेंडर 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था 1958पासून आहे, प्रादेशिक हवामान केंद्र आहे, एम्स, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. एवढी माणसं एका गावात असताना हे काम अडावं का?

नाकातल्या स्प्रेसारखी औषधं पूर्ण लागू पडायला काही दिवस लागतात, म्हणून डॉक्टर ती मोसमाच्या आधी सुरू करायला सांगतात. मोसम कधी सुरू होणार हेच माहीत नसेल तर सुरू कधी करायची? सकाळी खिडक्या लावायच्या का, कपडे आत वाळवायचे का, शाळेनं कवायत मैदानात घ्यायची का, हे सगळं त्या एका ओळीवर ठरेल. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, उघड्यावर मुक्काम करतात, तेही याच दिवसांत. त्यांच्यातल्या दमेकऱ्यांना चार दिवस आधी सूचना मिळायला हवी. मेलबर्नमध्ये 21 नोव्हेंबर 2016च्या संध्याकाळी वादळानं गवताचा पराग फोडून शहरभर पसरवला, हजारोंना धाप लागली आणि 10 माणसं गेली. तिथे पुढच्याच वर्षी अंदाज देणं सुरू झालं. आपण तशा संध्याकाळची वाट पाहू नये.

गेल्या तीन मोसमांच्या माझ्या काचपट्ट्या खोक्यात जपून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख आणि त्या दिवशीचा वारा-पाऊस लिहिलेला आहे. यंत्राच्या मोजणीशी त्यांची बरोबरी नाही, पण हे काम हाती घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला मी त्या आनंदाने देईन, आणि रोज सकाळी दोन तास पट्ट्या मोजायलाही येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नंदनवन, नागपूर