टर्कीचा कणा काढायचाच

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "बाबा, आठ जण जेवायला येताहेत आणि मी चौदा पौंडांची टर्की आणलीय" म्हणालीस, तेव्हा आईने माझ्याकडे कसं पाहिलं ते तुला दिसलं नाही. तिला १९९८ आठवलं. अमेरिकेतलं आमचं ते पहिलं थँक्सगिव्हिंग, टर्की खायचा तो गुरुवारचा सण. मी बुधवारी रात्री दगडासारखी टर्की फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवली आणि गुरुवारी सकाळी ओव्हनमध्ये सारली. संध्याकाळी वरून मस्त खरपूस, आणि सुरी घातली तर आत बर्फ. पोटातून कलेजी-पेटा ठेवलेली कागदी पिशवी निघाली, तीही अर्धवट शिजलेली. पाहुण्यांना आईने मुगाची खिचडी टाकून दिली. म्हणून हे पत्र. मेसेजवर हे सगळं मावणार नाही.

सगळ्यात आधी, उद्या सकाळी टर्की फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये ठेव. दर चार-पाच पौंडांना एक दिवस धर, म्हणजे तुझी मंगळवारी मोकळी होईल. ओट्यावर अजिबात नको. आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं. बुधवारीही घट्टच वाटली तर सिंकमध्ये गार पाण्यात बुडव, पिशवीसकट. पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. सात तास सिंकपाशी उभं राहायचं नसेल तर उद्याचा गजर लाव.

आणि ती धुऊ नकोस. मला माहितीय, आपल्या घरात कोंबडी चार पाण्यांतून काढून हळद लावल्याशिवाय कढईत पडत नाही. आजी असती तर मला घराबाहेर काढलं असतं. पण एवढं मोठं धूड नळाखाली धरलं की कच्चं पाणी ओटाभर उडतं, शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवरसुद्धा. जंतू मरतात ते ओव्हनमध्ये. कागदी टॉवेलने कोरडी कर, बस.

आता मुख्य मुद्दा. टर्की म्हणजे एका कातडीत कोंबलेले दोन पक्षी आहेत. छातीचं मांस पांढरं, बिनचरबीचं, ते लवकर शिजतं आणि जरा जास्त झालं की चोथा. तंगडीत शिरा आणि चिकट ऊती भरपूर, त्या विरघळायला जास्त उष्णता लागते. अख्खी टर्की उभ्या पोटाने ठेवली की वर येते छाती, आणि तंगड्यांचे सांधे खाली सावलीत. जाहिरातीतल्या त्या गोल गरगरीत टर्कीचा फोटो छान येतो, पण खाताना लोक ग्रेव्ही का मागतात, ते यावरून समज.

म्हणून माझं ऐक, कणा काढ. पक्षी पालथा घालून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाड कात्रीने कापत जा. जोर लागेल, तुझ्या रूममेटला बोलाव. मग सुलटा करून छातीच्या हाडावर दोन्ही तळहात ठेवून दाब. कडकन आवाज आला की चपटा झाला. आता सगळं मांस एका उंचीवर, तंगड्या बाहेरच्या गरम कडेला. अख्ख्या टर्कीला ३२५ अंश फॅरेनहाइटवर तीन-साडेतीन तास लागतात. ही चपटी ४२५ वर साधारण दीड तासात होते, आणि सगळीकडची कातडी कुरकुरीत होते. टेबलावर थोडी बेढब दिसते, पण तुकडे करूनच आण, कोण बघतंय!

मीठ मंगळवारी रात्री लाव. पाच पौंडांना एक मोठा चमचा कोशर मीठ (ते जाडसर दाण्यांचं), आपलं बारीक मीठ असेल तर त्याच्या निम्मं. चोळून फ्रीजमध्ये उघडीच ठेव, कातडी कोरडी पडायला हवी. बादलीभर मिठाच्या पाण्यात बुडवणारे लोक आहेत. मी दोन वर्षं केलं. मांस ओलं राहतं खरं, पण चव पाणचट होते आणि फ्रीजचा एक कप्पा जातो. मात्र पाकिटावर बारीक अक्षरांत 'सोल्युशन' किती टक्के ते वाचून घे. तसं लिहिलं असेल तर मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, तिथे मीठ नावापुरतंच.

तू दही-आलं-लसूण लावून तंदुरी करायचं म्हणतेस. मीही केलं होतं. दही वर करपलं आणि मसाला पाव इंचसुद्धा आत गेला नाही. आत शिरतं ते फक्त मीठ. चव हवी तर कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण यांचं घट्ट वाटण मऊ लोण्यात कालव आणि बोटांनी छातीची कातडी हलकेच सोडवून आत भर. वर फक्त तेल.

(टर्की आपल्याला अगदी परकी नाही हं. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून त्याच्यासाठी नवलाईच्या वस्तू घेऊन गेला, त्यात ही होती. तिच्या मानेचे सरड्यासारखे बदलणारे रंग बघून बादशहा थक्क झाला आणि त्याने मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगिजांच्या भाषेत तिचं नाव पेरू. आता ठरव, पेरू खाणार की टर्की.)

तळायचं तर डोक्यातून काढूनच टाक. लुईझियानाकडच्या आपल्या जुन्या शेजाऱ्याने ड्राइव्हवेत शेंगदाण्याच्या तेलात तळली होती, ३५० अंशांवर, पाऊण तासात. तशी चव मी परत खाल्लेली नाही. पण त्याला मोकळं अंगण होतं आणि वीस वर्षांची सवय. पक्ष्यात बर्फाचा खडा राहिला तर त्या पाण्याची वाफ सतराशे पट फुगते, उकळतं तेल घेऊन बाहेर येते. तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत हे नाही.

घड्याळावर विश्वास ठेवू नकोस, थर्मामीटरवर ठेव. छातीच्या सगळ्यात जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाला न टेकवता. १६५ झालं की खाण्याजोगं, मांडी १७५ला गेली तर उलट छानच. मग अर्धा तास हात लावायचा नाही. पोरं ओट्याभोवती घिरट्या घालतील, घालू देत.

काढलेला कणा, मान आणि हाडं टाकू नकोस. शुक्रवारी त्यांचं पाणी काढ, उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेलं असेलच. त्या पाण्यात भाजलेलं सुकं खोबरं-कांद्याचं वाटण आणि मालवणी मसाला घालून रस्सा कर. गुरुवारपेक्षा तोच जास्त चालतो, हे तुला तेव्हाच कळेल.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, डब्यातल्या भोपळ्याच्या गराचे घारगे करायचे असतील तर गर आधी कढईत आटवून घे, नाहीतर तो कणीक पीत बसेल. आणि मानेकडच्या पोकळीतसुद्धा हात घालून बघ. दुसरी पिशवी तिथे असते.