धूर फुकट आहे हो, हायड्रोजनचं काय?

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरला पहिल्या पानावर 'धुरापासून पेट्रोल' अशी बातमी होती, एका केमिस्टने कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) करायला नवा कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, शोधलाय म्हणून. मिथेनॉल म्हणजे पेट्रोल नाही हे जाऊ द्या. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधले एकजण म्हणाले, आता एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीला नळी लावली की टाकी फुल! दोष त्यांचा नाही, बातमीच तशी लिहिलेली.

मी २६ वर्षं वनस्पती तुपाच्या कारखान्यात लॅबला होतो. तिथे गरम तेलात निकेलची काळी पावडर टाकून हायड्रोजन सोडायचा, की तेल घट्ट होतं. हे निकेलचं तंत्र मुळात फ्रान्सचे केमिस्ट साबातिए यांचं, त्यांना त्यासाठी १९१२ चं नोबेल मिळालं, आणि त्याच निकेलवर त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा मिथेनपण करून दाखवलेला. म्हणजे विषय शंभर वर्षांहून जुना आहे, 'जगात प्रथमच' वगैरे जरा जपून छापा.

कॅटॅलिस्ट म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. स्थळ पटकन जुळवून देतो, पण कार्यालयाचं भाडं काही तो भरत नाही. इथे ते भाडं म्हणजे हायड्रोजन, कारण मिथेनॉल करायचं तर कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन जोडावा लागतो. हिशोब अकरावीच्या पोरालाही जमेल, एक टन मिथेनॉलला साधारण १.४ टन कार्बन डायऑक्साइड लागतो आणि १९० किलोच्या आसपास हायड्रोजन, तो पाण्यातून विजेने काढायचा तर किलोला ५० युनिट तरी जातात, म्हणजे झाले जवळपास १० हजार युनिट. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या घराची चार वर्षांची वीज! आणि ती वीज कोळशाची असली तर युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे दीड टनही पकडायचा नाही आणि त्यासाठी दहा टन सोडायचा. वर ते मिथेनॉल जाळलं की पकडलेला परत हवेत. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये असा प्लांट सुरू झाला, पुढे तो वर्षाला ४ हजार टनांचा झाला, पण त्यांच्याकडे जमिनीतल्या गरम वाफेवरची वीज म्हणून ते गणित बसलं.

म्हणून संशोधन फालतू आहे असं मी म्हणत नाहीये, उलट खरं काम बातमीत आलंच नाही. मिथेनॉलसाठी तांबं-झिंकचा कॅटॅलिस्ट कारखान्यांत कितीतरी वर्षं चालतोय, पण कार्बन डायऑक्साइडपासून करताना सोबत पाणी जास्त तयार होतं आणि त्या वाफेत तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होत जातात, मग पावडर तेवढीच पण काम निम्मं. हे थांबवणं फार किचकट. त्यामुळे कॅटॅलिस्ट किती तास टिकला हे आधी विचारायचं असतं. आमच्याकडे एकदा मोहरीच्या तेलाचा लॉट आला, त्यात गंधक राहिलेलं, रात्रपाळीला चार तास हायड्रोजन सोडतोय आणि आयोडीन व्हॅल्यू (तेल अजून किती हायड्रोजन घेऊ शकतं ते सांगणारा आकडा) जागची हलेना. कॅटॅलिस्ट मेला होता. चिमणीच्या धुरातपण गंधक असतं, ते आधी धुऊन काढायचा खर्च वेगळाच.

आता नाशिकचं सांगतो. चिमणीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२-१५ टक्के, बाकी बराचसा नायट्रोजन. पण आपल्याकडे वायनरी आहेत ना! माझा पुतण्या दिंडोरीकडे एका वायनरीत वाइनच्या टाक्यांच्या विभागात आहे, जानेवारी ते मार्च द्राक्षं आली की टाक्या नुसत्या खदखदत असतात, एक लिटर रस आंबला की पन्नासेक लिटर गॅस सुटतो आणि तो जवळजवळ शुद्ध. हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो. मागच्या सीझनला त्याने मला दाखवलं, मेणबत्ती कमरेपर्यंत नेली तर नीट जळत होती, रिकाम्या टाकीच्या तळाशी सोडली आणि फट्‌दिशी गेली, कुणी फुंकर मारल्यासारखी. हा सगळा गॅस आपण दारं-खिडक्या उघडून सोडून देतो. उसाच्या डिस्टिलऱ्यांमध्ये तर याहून जास्त आणि बराच काळ. सीझनपुरताच गॅस आहे, मान्य, पण कॅटॅलिस्टवाल्यांना स्वच्छ गॅसवर ट्रायल घ्यायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? सोबत दुपारची सोलरची वीज वापरून बघायची.

तर बातमीदाराला एवढंच सांगा की त्या केमिस्टना परत फोन करून विचार, हायड्रोजन कुठून आणला आणि कॅटॅलिस्ट किती तास चालला, आणि उत्तर आतल्या पानावर का होईना पण छापा. पुतण्या म्हणतो फेब्रुवारीत त्यांना वायनरीत घेऊन या, सगळं दाखवतो, फक्त टाकीत वाकून बघायचं नाही.

आपला जुना वाचक,
इंदिरानगर, नाशिक