फळे निवडताना

इंदूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी बारा जणांना नाश्त्याला बोलावले आहेस आणि फळांचे कॅसरोल करणार आहेस, हे वाचून मला आधी आपला पोळ्यांचा डबाच आठवला. परंतु ब्रेड, दूध, अंडी आणि फळे रात्रभर मुरवून सकाळी भाजायचा हा प्रकार मी केलेला आहे, एकदा बिघडवलाही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

९ बाय १३ इंचांच्या भांड्यात आदल्या दिवशीच्या ४०० ग्रॅम ब्रेडचे तुकडे पसर. ताज्या ब्रेडचा लगदा होतो. ८ अंडी, ६०० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम साखर, वेलची व चिमूटभर मीठ एकत्र घुसळून त्यावर ओत, तुकडे हलकेच दाब आणि झाकून फ्रिजमध्ये ठेव.

खरी परीक्षा फळांची. मी त्या वेळी कच्च्या अननसाच्या फोडी थरांत घातल्या होत्या. त्यातील पाचक द्रव्याने रातोरात दूध फाडले, चव कडू झाली आणि अखेर तुझ्या बाबांना आपल्या छप्पन दुकान खाऊगल्लीतून पाहुण्यांसाठी पोहे-जलेबी आणावी लागली. (पाहुणे मात्र भलतेच खूश झाले.) पपई आणि किवी यांचेही तसेच होते. अननस हवाच असेल तर तो साखरेत शिजवून, पूर्ण गार करून घाल, कारण शिजल्यावर त्याचा तो गुण उरत नाही. सफरचंद, नाशपाती, पिकलेला पण घट्ट आंबा निर्धास्तपणे वापर. केळी रात्री घातल्यास काळी पडतात, म्हणून ती सकाळी वरून लाव. सीताफळाचा मोह टाळ. ते तापवले की कडवटते.

सकाळी ओव्हन १८० अंशांवर तापेपर्यंत भांडे बाहेर काढून ठेव. थंडगार काच एकदम तापली तर तडकते. पहिली तीस मिनिटे वर फॉइल ठेव, मग ती काढून आणखी पंधरा-वीस मिनिटे भाज. मध्यभागी सुरी खुपसल्यावर ओले दूध लागता कामा नये, कारण कडा नेहमी आधी होतात आणि घाईत मधला भाग कच्चा राहतो.

अंडी न खाणारे कोण, हे शनिवारीच विचारून ठेव. त्यांच्यासाठी दुधात कस्टर्ड पावडर शिजवून लहान भांडे वेगळे लाव, आणि वाढण्याचा चमचाही वेगळा असू दे.

तुझी,
आई