काकूंचं कार्ड आणि बाळ्याचं नाव

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

दिवाळीनंतर माझं पत्र नाही म्हणून रागावला असशील. रागव, पण हे शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलण्यासारखं नाही, कारण काकू समोरच्या कट्ट्यावरच असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.

माझी शुगर आटोक्यात, हिचा गुडघा तसाच. झालं आमचं.

काकूंच्या हृदयात ब्लॉकेज निघालंय. अँजिओप्लास्टी करा, फार दिवस काढू नका म्हणालेत. सिव्हिलमधून रेफरल घेऊन आरोग्य कर्नाटक योजनेतून काम करायचं म्हणून कागद गोळा केले. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं रेशन कार्ड असलं की घराला वर्षाला 5 लाखांपर्यंत सरकार करतं. बघतो तर काकूंचं कार्ड एपीएल, म्हणजे रेषेच्या वरचं झालेलं. त्याला पॅकेजच्या 30 टक्केच मिळतात, बाकीचे आपले. कारण काय, तर कार्डावर अजून त्यांच्या पोराचं, बाळ्याचं नाव आहे आणि बाळ्या पुण्यात इन्कम टॅक्स भरतो. जन्मभर मागवाल्यांच्या कांड्या भरलेली बाई टॅक्सवाल्या घरातली ठरली! मला रात्री झोप लागत नाही बघ या संतापानं.

नाव कमी करायचा अर्ज कुटुंबप्रमुखाचा, म्हणजे काकूंचाच. तर त्या म्हणतात, "कार्डातनं नाव काढलं की पोरगं घरातनं गेलं." मी बोलायला लागलो की "चहा टाकू काय?" म्हणून आत जातात. शेवटी हिनं गोडीत घेतलं, तेव्हा कुठं अर्ज भरायच्या सेंटरवर आल्या.

तिथं पुढचं लचांड. यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा. सेंटरवरचा कानडी पोरगा फार गुणी, "अज्जी, अज्जी" करत ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसून परत टेकवत होता. ठसाच उठेना. मी ती बोटं हातात घेऊन बघितली. सुतानं घासून टोकं काचेसारखी गुळगुळीत झालीत, एक रेघ नाही. डोळ्यांवरून घ्यावं तर मोतीबिंदू. मग राहिला ओटीपी, आणि आधारला नंबर जोडलाय बाळ्याचा! तो मागायचा तर आजार सांगावा लागणार, आणि काकूंनी मला देवाची शपथ घातलीय. "त्याच्या घराचे हप्ते आहेत, त्याला घोर नको."

तू म्हणशील, महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केलीय, तिकडून कर. अरे, कर्नाटकानं तिला हरकत घेतली, केवढं वादंग झालं ते तू वाचलंस. 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनी, दंडाला काळी फीत बांधून मी आजही फेरीत जातो, ते सोडणार नाही. पण काकूंचं दुखणं घेऊन त्या भांडणात मी उतरणार नाही. ज्या कार्डावर त्यांचं धान्य यायचं, त्याच कार्डावर त्यांचा इलाज व्हायला पाहिजे.

शिवजयंतीच्या चित्ररथावर तू महाराज आणि मी मावळा, का तर तुझ्याकडं जिरेटोप होता. ते भांडण मी अजून मिटवलेलं नाही, समोर आलास की काढणारच. पण त्या रात्री पहाटेला मिरवणूक संपवून आलो तेव्हा पिठलं-भात झाकून कोण जागं होतं ते आठव. बाळ्या त्यांच्या मांडीवर झोपला होता, तुझी लाकडी तलवार धरून.

तुझ्या नातीचं बारसं छान झालं असेल, फोटो पाठव. डोळ्याचं ऑपरेशन टाळू नकोस.

आता काम. या रविवारी बाळ्याच्या घरी जा. फोन नको, फोनवर तो काकूंनाच उलटा फोन करेल. शपथ मला आहे, तुला नाही. त्याला सगळं सांग. नाव काढणं म्हणजे आईला तोडणं नाही, हे त्याला बरोबर कळेल, पोरगं वाईट नाही. सोमवारी सकाळी अकराला मी काकूंना घेऊन सेंटरवर असेन. ओटीपी आला की त्यानं लगेच मला कळवायचा, दहा मिनिटांत बाद होतो तो. आणि सर्व्हर बंद पडला तर मंगळवारी परत, तेही सांगून ठेव.

शक्य असेल तर त्यालाच घेऊन ये. गाडीचं भाडं मी देतो.

तुझाच,
समोरच्या घरातला