शनिवारचा चित्रपट : डोन्ट लुक नाऊ

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, नेहमीच्या हॉलमध्ये निकोलस रोग यांचा ‘डोन्ट लुक नाऊ’ (१९७३) दाखवणार आहोत. लांबी ११० मिनिटे.

सुरुवातीलाच लाल रेनकोट घातलेली लहान मुलगी तळ्यात बुडते. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे, त्यांनी यायचं की नाही हे निःसंकोच ठरवावं. कोणी कारण विचारणार नाही. पुढचं सगळं याच प्रसंगावर उभं असल्याने उशिरा येणाऱ्यांना आत घेता येणार नाही.

दचकवणाऱ्या भुतांची अपेक्षा ठेवू नका. मुलीचे आईवडील हिवाळ्यातल्या व्हेनिसमध्ये आहेत. वडील जुन्या चर्चच्या डागडुजीत गुंतलेत. एक अंध बाई आईला सांगते, तुमची मुलगी मला दिसली. त्या एका वाक्याने आई सावरते, वडील मात्र ऐकूनच घेत नाहीत, आणि भीती तिथून चढत जाते. दुःख गिळून बसलेला माणूस इतका खरा फार क्वचित पाहायला मिळतो. लाल रंग, पाणी आणि काच जिथे जिथे येतील तिथे नीट बघा.

आधी पाहिलेल्यांनी कृपया शेवट फोडू नये. मोबाइल बंद ठेवावेत. नंतर चर्चा आहे, शक्यतो थांबा.